ग्रेंजच्या आठव्या संस्थापक: कॅरोलाइन हॉल आणि शेतकऱ्यांच्या बंधुसंघातील स्त्रिया

‘बंधुसंघ’ हा शब्द उच्चारला की त्यात बंधू दिसतात, भगिनी दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत हा शब्द बहुतेक ठिकाणी तसाच खरा होता. गावोगावी गुप्त दीक्षाविधी, सांकेतिक शब्द आणि पायरीपायरीने मिळणाऱ्या पदव्या असलेले संघ होते, आणि त्यांच्या दाराआत जाण्याचा अधिकार पुरुषांना होता. अशा काळात, ४ डिसेंबर १८६७ रोजी वॉशिंग्टन शहरात शेतकऱ्यांचा एक बंधुसंघ स्थापन झाला. त्याचे पूर्ण इंग्रजी नाव ‘ऑर्डर ऑफ पेट्रन्स ऑफ हजबंड्री’ असे लांबलचक आहे. लोक त्याला ‘ग्रेंज’ म्हणतात. ग्रेंज म्हणजे धान्याची कोठारे आणि गोठ्यांसह असलेला शेतावरचा वाडा. या संघाने पहिल्यापासून स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले. तसे करण्याचा आग्रह धरणाऱ्या व्यक्तीचे नाव कॅरोलाइन हॉल. संस्थापकांच्या मूळ यादीत सात नावे आहेत आणि ती सातही पुरुषांची आहेत. हॉल यांचे स्थान संस्थापकाच्या बरोबरीचे आहे, असे संघाने अधिकृतपणे मान्य केले ते १८९२ साली, म्हणजे स्थापनेनंतर पंचवीस वर्षांनी.

हॉल यांची सूचना ऐकायला लहानशी वाटते: ‘बायकांनाही घ्या.’ तिचे वजन समजण्यासाठी बंधुसंघ म्हणजे काय, अमेरिकन शेतकरी कुटुंब राहत कसे होते आणि कायद्याच्या नजरेत तिथली विवाहित स्त्री कोण होती, या तीन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

बंधुसंघ म्हणजे नेमके काय

बंधुसंघ ही नुसती संघटना नव्हे. आज आपण संघटना म्हणतो तेव्हा पावती, मोर्चा आणि निवेदन डोळ्यांसमोर येते. बंधुसंघात माणूस विधिपूर्वक प्रवेश करतो, काही गोष्टी बाहेर न सांगण्याची शपथ घेतो, एकेक पायरी चढतो आणि त्या प्रत्येक पायरीवर त्याला काही शिकवण दिली जाते. सभासद एकमेकांना ‘बंधू’ म्हणून हाक मारतात. दिंडीत चालणारे अनोळखी वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, तेव्हा त्या एका शब्दाने जो भरवसा तयार होतो, तसाच काहीसा भरवसा निर्माण करण्याचा हा प्रयत्न होता. त्याला व्यवहाराची बाजूही होती. सरकारी विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, अशा काळात आजारपणात किंवा घरातील कर्ता गेल्यावर संघाचे बंधू मदतीला येत. परक्या गावी गेलेल्या माणसाला त्याच संघाचा दुसरा माणूस भेटला, तर राहण्याजेवण्याची आणि ओळखीची सोय होत असे.

या संघांमधील सर्वांत मोठे नाव फ्रीमेसन मंडळींचे, आणि त्यांच्या जोडीला ऑड फेलोज. दोन्ही संघ पुरुषांचे होते. १८५० च्या दशकात त्यांच्या भोवती स्त्रियांसाठी काही जोडसंस्था तयार झाल्या. मेसन मंडळींच्या घरातील स्त्रियांसाठी ‘ईस्टर्न स्टार’ आली आणि ऑड फेलोजनी १८५१ साली ‘रिबेका’ नावाची पदवी सुरू केली. या जोडसंस्थांत स्त्रीला प्रवेश मिळे तो कोणाची तरी बायको, मुलगी, बहीण किंवा आई म्हणून. मुख्य संघाच्या बैठकीत तिला जागा नव्हती आणि मतही नव्हते. आपल्याकडे अनेक संघटनांची ‘महिला आघाडी’ असते आणि निर्णय मात्र दुसऱ्याच खोलीत होतात. तिथेही साधारण तीच रचना होती. दारूबंदीसाठी काम करणाऱ्या ‘गुड टेम्प्लर्स’सारख्या एखाद्या संघाने स्त्रियांना बरोबरीने घेतले होते, त्यामुळे ही कल्पना अगदीच अश्रुत नव्हती. पण शेती, बाजारभाव, अवजारे आणि रेल्वेची भाडी हे पुरुषांचे विषय समजले जात. अशा विषयांसाठी निघणाऱ्या संघात स्त्री मतदार म्हणून बसावी, हा विचार त्या काळी फार थोड्यांच्या मनात आला असता.

कल्पना कुठून आली

ऑलिव्हर हडसन केली हे मूळचे बोस्टनचे. ऐन तारुण्यात ते मिनेसोटात गेले, एल्क रिव्हरजवळ त्यांनी जमीन घेतली आणि पुस्तके वाचून शेती शिकले. १८६४ पासून ते वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्यात कारकून होते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि १८६६ च्या जानेवारीत खात्याने केली यांना दक्षिणेकडील राज्यांत शेतीची पाहणी करण्यासाठी पाठवले. तिथे त्यांना उजाड मळे दिसले, मोडलेली कुंपणे दिसली आणि उत्तरेकडून आलेल्या सरकारी माणसाविषयीचा उघड राग दिसला. केली फ्रीमेसन होते. ते मेसन आहेत हे कळल्यावर दक्षिणेतील मेसन मंडळींनी त्यांच्यासाठी घराचे दार उघडले. कालपर्यंत शत्रू असलेल्या माणसांना एक संघ जवळ आणू शकतो, तर शेतकऱ्यांचाच असा संघ का असू नये, हा विचार त्यांच्या मनात तिथे रुजला.

या उजाड मळ्यांचा महाराष्ट्राशीही एक धागा जुळतो. युद्धकाळात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकन कापूस इंग्लंडला पोहोचेना, आणि त्यामुळेच खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशांचा पूर आला, सट्टा फोफावला, आणि १८६५ साली युद्ध संपताच सारे कोसळले. भाव पडले तरी कर्जाचा आणि सरकारी साऱ्याचा बोजा राहिलाच. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि ‘दख्खनचे दंगे’ सुरू झाले. त्याच वर्षी ग्रेंजची सभासदसंख्या शिखरावर होती. दोन्हीकडचा शेतकरी दूरच्या बाजाराच्या हाती सापडला होता. एकीकडे त्याच्यापाशी संघटना होती आणि दुसरीकडे ती नव्हती, हा फरक मला फार मोठा वाटतो.

दक्षिणेतील दौरा संपवून केली बोस्टनला आले. तिथे त्यांची भाची कॅरोलाइन हॉल राहत असे. घरची माणसे त्यांना कॅरी म्हणत. केली यांनी आपल्या मनातील संघाची कल्पना भाचीला सांगितली. त्यांच्यासमोर नमुना मेसन संघाचा, म्हणजे केवळ पुरुषांच्या संघाचा होता. हॉल यांनी ती कल्पना उचलून धरली आणि तिच्यात एक दुरुस्ती सुचवली: या संघाला खरोखर काही साधायचे असेल, तर स्त्रियांना त्यात पुरुषांच्या बरोबरीचे सभासदत्व मिळाले पाहिजे. पुढे केली यांनी १८७५ साली संघाच्या आरंभीच्या वर्षांचा इतिहास लिहिला आणि त्यात या सूचनेचे श्रेय भाचीला दिले. म्हणजे ही नंतर कोणी रचलेली आख्यायिका नाही. ज्यांच्या नावावर संघ ओळखला जातो, त्यांनीच हे नोंदवून ठेवले आहे.

ही सूचना इतकी महत्त्वाची का ठरली

आपल्याकडे शेतकरी गावठाणात राहतो आणि शेत गावाबाहेर असते. घराला घर लागून असते. पाणवठा, देऊळ आणि पार यांमुळे बायकांची रोज भेट होते. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत असे गाव नव्हते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकार १६० एकरांपर्यंत जमीन देत असे आणि तीवर घर बांधून राहण्याची अट होती. एकशेसाठ एकर म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद चौकोन. प्रत्येकाचे घर आपापल्या चौकोनात, त्यामुळे जवळचा शेजारीही अर्ध्या मैलावर, आणि मधले चौकोन रिकामे असतील तर कित्येक मैलांवर. हिवाळ्यात बर्फ पडले की महिनोन्महिने माणसाचे तोंड दिसत नसे. पुरुष निदान धान्य विकायला, घोड्याला नाल ठोकायला किंवा पत्र टाकायला गावात जात. बाई घरी राही. तिच्या एकटेपणाला अंत नव्हता.

आणि त्या घरात ती रिकामी बसलेली नव्हती. गायींचे दूध काढणे, लोणी घुसळणे, कोंबड्या पाळणे, भाजीचा मळा राखणे, हंगामात मजुरांना जेवू घालणे ही सर्व कामे तिची होती. गव्हाचे पैसे वर्षातून एकदा येत आणि बहुतेक कर्जातच जात. रोजच्या मीठमिरचीचा खर्च अनेक घरांत लोण्याच्या आणि अंड्यांच्या पैशांवर चाले. म्हणून शेत हा एका पुरुषाचा धंदा नव्हता, ते एका घराचे मिळून केलेले काम होते. अशा घरातील एकाच माणसाला संघात घेतले, तर संघात अर्धेच शेत येते. हॉल यांच्या सूचनेमागचे तर्कशास्त्र माझ्या समजुतीप्रमाणे असे आहे.

कायद्याची बाजू याहून कठोर होती. इंग्लंडमधून आलेल्या जुन्या कायद्याप्रमाणे लग्न झाल्यावर नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती मानली जाई आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोला स्वतःच्या नावे करार करता येत नसे. तिची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. न्यूयॉर्कसारख्या राज्याने १८४८ साली विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा हक्क मान्य केला आणि पुढे एकेका राज्याने कायदे सुधारले, तरी हे काम अनेक दशके रेंगाळले. आपल्या वाचकाला हे सातबाऱ्याच्या भाषेत चटकन समजेल: राबणारी ती, पण उताऱ्यावर नाव त्याचे. या परिस्थितीत ग्रेंजमध्ये स्त्रीचा अर्ज स्वतंत्र होता, तिला घ्यावे की नाही यावरचे मतदान स्वतंत्र होते, तिची फी स्वतंत्र होती आणि आत आल्यावर तिचे मत पुरुषाच्या मताइतकेच मोजले जात होते. फी पुरुषांपेक्षा कमी ठेवली होती; बाईच्या हाती रोख पैसा किती थोडा येतो, याची जाणीव असलेल्या माणसांनीच असा नियम केला असणार, असे मला वाटते. पुरुषांना अठराव्या वर्षी आणि मुलींना सोळाव्या वर्षीच सभासद होता येत असे. देशाच्या निवडणुकीत अमेरिकन स्त्रीला मत मिळण्याची घटनात्मक हमी १९२० साली आली. त्याच्या अर्धशतकभर आधी शेतावरची सोळा वर्षांची मुलगी ग्रेंजमध्ये मत देत होती.

बरोबरी नियमातच गुंफलेली

‘स्त्रियांचे स्वागत आहे’ असे म्हणून थांबणारी संस्था आणि स्त्रियांशिवाय चालूच शकणार नाही अशी संस्था, यांत मोठे अंतर असते. ग्रेंज दुसऱ्या प्रकारची होती. गावात नवी शाखा काढायची तर किमान नऊ पुरुष आणि चार स्त्रिया लागत. चार स्त्रिया तयार झाल्या नाहीत, तर शाखाच निघत नसे. म्हणजे जो शेतकरी शाखा काढण्यासाठी धडपडत होता, त्याला आधी शेजारच्या घरांतील स्त्रियांना, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या बायकोला, या कामाचे महत्त्व पटवून द्यावे लागे.

पदाधिकाऱ्यांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक शाखेत तेरा पदे असत: अध्यक्षाला ‘मास्टर’ म्हणत, त्याच्यानंतर देखरेख करणारा, व्याख्याता, कारभारी, प्रार्थना सांगणारा, खजिनदार, सचिव, द्वारपाल अशी पदे येत. यांतील चार पदे केवळ स्त्रियांची होती. तीन पदांना रोमन देवतांची नावे होती: धान्याची देवता सेरेस, फळांची देवता पोमोना आणि फुलांची देवता फ्लोरा, चौथे पद महिला साहाय्यक कारभाऱ्याचे होते. बाकीची पदे पुरुषांसाठी राखून ठेवलेली नव्हती. त्यांवर स्त्रीही निवडून येऊ शकत असे. व्याख्यात्याचे पद विशेष महत्त्वाचे होते, कारण बैठकीत कोणत्या विषयावर चर्चा व्हावी, कोणी निबंध वाचावा, कोणते गाणे म्हणावे, हे सारे तो ठरवत असे. या पदावर आणि सचिवाच्या पदावर पुढे स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. जी स्त्री घराबाहेर कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती, ती तिथे नियमाप्रमाणे ठराव मांडायला, दुरुस्ती सुचवायला आणि हिशेब वाचून दाखवायला शिकली.

दीक्षेच्या पायऱ्या तर जोडीजोडीनेच रचल्या होत्या. गावपातळीवर चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला पुरुषाचे एक आणि स्त्रीचे एक नाव. पहिल्या पायरीवर तो मजूर आणि ती कामकरी मुलगी. दुसरीवर तो मशागत करणारा आणि ती मेंढपाळीण. तिसरीवर तो कापणी करणारा आणि ती सरवा वेचणारी. चौथीवर तो घरधनी आणि ती घरधनीण. सरवा वेचणे हा शब्द आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणाऱ्या बाईचे काम शेतीच्या हिशेबात कुठेच लिहिले जात नाही. इथे त्या कामाला एक पदवी होती. चार पायऱ्यांच्या वर जिल्हा, राज्य आणि देश या पातळ्यांवर आणखी तीन होत्या, अशा एकूण सात.

संस्थापक सात जण असले, तरी शेतावर पोट असलेले त्यांत थोडेच होते. फळबागायतदार फ्रान्सिस मॅक्डॉवेल वगळता बाकीचे सरकारी खात्यांत नोकरीला होते. पहिले राष्ट्रीय मास्टर झालेले विल्यम सॉन्डर्स हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले उद्यानतज्ज्ञ होते. गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीची आखणी त्यांचीच. जॉन ट्रिंबल आणि ॲरन ग्रॉश हे धर्मोपदेशक, आणि जॉन थॉम्पसन व विल्यम आयर्लंड हे उरलेले दोघे. केली सचिव झाले.

टपाल, गाणी आणि रिकामी तिजोरी

संघ स्थापन झाला, पण शेतकरी कुठे होते? एप्रिल १८६८ मध्ये केली नोकरी सोडून निघाले. वाटेत शाखा काढायच्या आणि त्यांच्या फीवर पुढचा प्रवास करायचा, असा बेत होता. निघताना त्यांच्या खिशात जेमतेम अडीच डॉलर होते. त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया गावी पहिली खऱ्या अर्थाने चालणारी शाखा निघाली. बाकी ठिकाणी निराशाच पदरी आली. मिनेसोटातील आपल्या शेतावर पोहोचेपर्यंत केली कफल्लक झाले होते, आणि वॉशिंग्टनमधील सहकाऱ्यांचा उत्साहही मावळत चालला होता.

हॉल यांच्या कामाचा दुसरा भाग इथून सुरू होतो, आणि मला तो सूचनेइतकाच मोलाचा वाटतो. त्या मामांच्या साहाय्यक म्हणून काम करू लागल्या. संघ वाढवण्याचे साधन तेव्हा टपाल हेच होते. कोणत्या तरी राज्यातील शेतकरी चौकशीचे पत्र पाठवी; त्याला नियम समजावून सांगायचे, छापील कागद पाठवायचे, शंकांना उत्तर द्यायचे, शाखा निघाली की तिची नोंद करायची, फी आली की हिशेब ठेवायचा, वर्तमानपत्रांना मजकूर पाठवायचा. मिनेसोटाच्या शेतावर आणि पुढे वॉशिंग्टनच्या कचेरीत या कामाचा मोठा भार हॉल यांनी उचलला. बैठकांत म्हणण्यासाठी गाण्यांचा संग्रहही त्यांनी तयार केला. दूर अंतरावर राहणारी, एकमेकांना फारशी न ओळखणारी माणसे एकत्र आली की पहिला अवघडपणा गाण्यानेच मोडतो. ज्यांनी भजनी मंडळ जवळून पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या कामाला इतिहासात जागा मिळणे अवघड असते. भाषण करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते, सनदेवर सही करणाऱ्याचे नाव भिंतीवर राहते. रोजची चाळीस-पन्नास पत्रे उघडून उत्तरे लिहिणाऱ्याचे काम दुसऱ्या दिवशी नव्या ढिगाखाली जाते. पण संघ टिकला तो त्या पत्रांमुळे.

वाढ, रेल्वे आणि घसरण

फेब्रुवारी १८६९ मध्ये मिनेसोटात पहिली राज्य ग्रेंज स्थापन झाली. १८७३ साली आर्थिक संकट आले, धान्याचे भाव पडले आणि शाखा झपाट्याने वाढू लागल्या. १८७५ च्या सुमारास सभासदसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास गेली होती.

शेतकऱ्यांचा मुख्य राग रेल्वेवर आणि धान्याच्या मोठ्या कोठारांवर होता. एखाद्या मुलुखात एकच रेल्वे असे. माल न्यायला दुसरा मार्ग नाही, म्हणून कंपनी मागेल ते भाडे द्यावे लागे. कधीकधी जवळच्या स्थानकापर्यंतचे भाडे दूरच्या शहरापर्यंतच्या भाड्यापेक्षा जास्त असे, कारण दूरच्या शहरात दोन-तीन कंपन्यांची स्पर्धा होती आणि जवळच्या स्थानकावर नव्हती. शिकागोच्या कोठारांत धान्य साठवण्याचे दरही मोजके मालकच ठरवत. इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी यावर मर्यादा घालणारे कायदे केले. त्यांना ‘ग्रेंजर कायदे’ म्हणतात. ‘मन विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात १८७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्या खासगी धंद्यावर सर्व लोकांचे हित अवलंबून असते, त्याच्या दरांवर राज्य सरकार नियंत्रण ठेवू शकते. पुढच्या अनेक नियमनांचा पाया या निकालात आहे.

मध्यस्थांना वगळून एकत्र खरेदी करण्याचाही प्रयत्न झाला. १८७२ साली शिकागोत सुरू झालेल्या माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानाने आपले पहिले गिऱ्हाईक ग्रेंजच्या सभासदांमध्ये शोधले. इंग्लंडमधील रॉचडेलच्या सहकारी तत्त्वांवर दुकाने निघाली; आपल्या सहकारी चळवळीलाही हे नाव परिचित आहे. पण सारेच जमले नाही. आयोवात कापणीयंत्रे स्वतः बनवण्याचा उद्योग बुडाला, इतरत्र दुकाने तोट्यात गेली, स्वस्त मालासाठी आलेले सभासद निघून गेले. १८८० पर्यंत सभासदसंख्या सव्वा लाखाच्या घरात आली.

त्या काळातील अनेक शेतकरी संघटना अशा घसरणीनंतर उरल्या नाहीत. ग्रेंज उरली आणि आजही आहे. फक्त रेल्वेभाड्यासाठी आलेला माणूस भाडे कमी होताच किंवा लढाई हरताच घरी जातो. पण ज्या सभागृहात बायको ठराव मांडते, मुलगी निबंध वाचते, सगळे मिळून जेवतात आणि शेजाऱ्याच्या आजारपणाची चौकशी होते, ते सभागृह एकटा नवरा सोडू शकत नाही. हॉल यांनी आग्रह धरलेली गोष्ट संघाच्या पडत्या काळात त्याचा आधार बनली, असे मी ठामपणे म्हणेन.

या बरोबरीच्या मर्यादा

तरीही चित्र जसे होते तसेच पाहिले पाहिजे. नियम बरोबरीचे असले, तरी मास्टरच्या खुर्चीवर बराच काळ बहुतेक पुरुषच बसले. सेरेस, पोमोना आणि फ्लोरा ही पदे मानाची होती, पण निर्णयाचे अधिकार त्यांच्याकडे फारसे नव्हते. बैठकीनंतरचे जेवण स्त्रियांनीच करावे, हेही गृहीत धरलेले असे. आणि दक्षिणेत ग्रेंज गोऱ्या शेतकऱ्यांचीच राहिली. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना, त्यांतील स्त्रियांना तर दुपटीने, हे दार बंद होते. ज्या दक्षिणेच्या दौऱ्यात ही कल्पना जन्मली, तिथेच तिची सर्वांत मोठी उणीव दिसते.

मर्यादा मान्य करूनही मिळालेले थोडे नव्हते. फेब्रुवारी १८७४ मध्ये सेंट लुईस येथे संघाने आपल्या उद्दिष्टांचे जाहीरनामापत्र मंजूर केले. स्त्रीच्या क्षमतेची आणि तिच्या स्थानाची योग्य कदर समाजात रुजवणे हे त्यात एक उद्दिष्ट म्हणून नोंदवले आहे, आणि तिला सभासदत्व व पद देणे ही त्या कदरीची खूण आहे, असेही म्हटले आहे. पुढे स्त्रीपुरुष समानता हे संघाचे मूलतत्त्व असल्याचे ठराव झाले, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांना अनेक राज्यांत ग्रेंजच्या सभागृहांत व्यासपीठ मिळाले. १८९५ साली मिनेसोटात, जिथे पहिली राज्य ग्रेंज निघाली होती त्याच राज्यात, सेरा बेअर्ड या राज्य मास्टर झाल्या. त्या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत, आणि त्यांनी ते पद १९१२ पर्यंत सांभाळले. राष्ट्रीय ग्रेंजच्या प्रमुखपदी मात्र पहिली स्त्री, बेट्सी ह्युबर, निवडून आल्या त्या २०१५ साली.

केली यांनी १८७८ साली सचिवपद सोडले. त्याआधीच त्यांचे लक्ष फ्लोरिडाकडे वळले होते. मेक्सिकोच्या आखाताच्या काठी, एका नदीच्या मुखाशी, त्यांनी १८७७ च्या सुमारास नवी वसाहत वसवण्यास सुरुवात केली. कॅरोलाइन ॲराबेला हॉल या भाचीच्या पूर्ण नावातील अक्षरे जोडून त्यांनी त्या गावाचे नाव ‘कॅराबेल’ ठेवले. ग्रेंजने हॉल यांना संस्थापकाच्या बरोबरीचे स्थान दिले, तोवर ते गाव पंधरा वर्षांचे झाले होते.